गंगोत्रीहून गोमुखाकडे

गंगोत्रीची यात्रा करून आलेल्या कोणाहि गृहस्थास विचारावें कीं, महाराज, गंगेचा उगम आपण पाहिलात काय, तर तो मोठ्या समाधानानें "होय" म्हणतो. वस्तुतः त्यानें पाहिलेलें असतें तें देऊळ, देवळाखालचा घाट आणि भगीरथानें तप केलें म्हणून दाखविण्यांत येणारी शिळा. उगम तेथें नाहीं. तो तेथून सुमारें अठरा किलोमीटर वर, गोमुख नांवाच्या ठिकाणीं, एका हिमनदीच्या तोंडाशीं आहे. आणि ही वाट पायींच चालावी लागत असल्यामुळें बहुतेक यात्रेकरू देवळापासूनच माघारी फिरतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. पुण्याच्या कामीं म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार आपल्याकडे पूर्वींपासून केलेला आहे. परंतु ज्याच्या अंगीं थोडें बळ उरलें असेल, आणि आपल्या काळीं सृष्टीचें काय चाललें आहे हें ज्यास वर्तमानपत्रांतून न वाचतां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यानें ही वाट अवश्य चालावी, असें आमचें मत आहे. आम्ही ती २०२५ सालच्या मे महिन्यांत चाललों. बरोबर आमचें कुटुंब होतें, आणि डेहराडूनकडे नोकरीस असलेले आमचे एक जुने विद्यार्थी होते. त्यांच्या मोटारीवांचून व चिकाटीवांचून हा योग आला नसता.

हरिद्वारापासून उत्तरकाशीपर्यंतच्या वाटेचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत, म्हणून तीं येथें देत नाहीं. टिहरी मात्र टाळतां येत नाहीं. चंबा गांवाहून खालीं उतरूं लागलें कीं दरीच्या तळाशीं नदीऐवजीं एक लांबच लांब हिरवें सरोवर दिसूं लागतें, आणि तें बराच वेळ सोबत सोडीत नाहीं. भागीरथी व भिलंगना ह्यांच्या संगमाखालीं २६०.५ मीटर उंचीचा बांध घालून हें पाणी अडविलें आहे. २००६ सालापासून त्यावर वीज होते. पाण्याच्या तळाशीं जुनें टिहरी शहर आहे, राजवाडा, बाजार व घंटाघर ह्यांसुद्धां. वर पर्यटकांच्या नावा फिरतात. पुराणांत गंगा शंकराच्या जटेंत अडकली आणि भगीरथाच्या विनवणीनें सुटली. टिहरीची जटा इंजिनियरांनीं बांधलेली असल्यामुळें तेथून ती यंत्राच्या हिशेबाप्रमाणें सुटते, इतकाच भेद. वीज आम्हां सर्वांस हवी आहे, तेव्हां ह्या बांधास नांवें ठेवण्याचा अधिकार घरांतला दिवा मालवून बसणारासच आहे. तथापि जुन्या टिहरीचे लोक नव्या टिहरींत उंचावर राहून खालच्या पाण्याकडे कसे पाहत असतील, हा विचार कांहीं केल्या मनांतून गेला नाहीं.

उत्तरकाशीच्या पुढें दरी अरुंद होते आणि नदीचा आवाज वाढतो. ह्या भागांतहि तीन मोठ्या वीजयोजना व्हावयाच्या होत्या. त्यांपैकीं लोहारीनाग-पाला ही ६०० मेगावाटची योजना, बोगदे खणावयास सुरुवात झाल्यानंतर, २०१० सालीं सरकारनें सोडून दिली. त्यास मुख्यतः कारण झाले ते प्राध्यापक गुरुदास अग्रवाल. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें त्यांनीं इंजिनियरिंग शिकविलें होतें, आणि पुढें संन्यास घेऊन ते ह्या नदीसाठीं उपोषणास बसत. तिच्याचसाठीं शंभराहून अधिक दिवस उपोषण करून ११ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्यांनीं देह ठेवला. गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारें शंभर किलोमीटरचा पट्टा २०१२ च्या डिसेंबरांत पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. बोगद्यांचीं अर्धवट तोंडें मात्र आहेत तशीं राहिलीं. आमचे विद्यार्थी म्हणाले, "गुरुजी, सोडून दिलेल्या कामाचा मलबा कोणी उचलीत नाहीं, तो पावसानेंच न्यावयाचा." पाऊस तो कोठें नेतो हें दरीच्या तळाकडे पाहून कळत होतें.

सुखी गांवची चढण संपून झाला येथें उतरलें कीं एकदम देवदारांचें राज्य लागतें. समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांवर हर्सिलची ही दरी. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत भागीरथीचे तुषार घेऊन देवदारांस हालवीत येणारा वारा कालिदासानें वर्णिला आहे. पस्तीस वर्षें तो श्लोक आम्हीं मुलांस पाठ करावयास लावला, परंतु त्याचा अर्थ आमच्या कानास हर्सिलासच कळला. पाइनच्या वनांत वारा शीळ घालतो. देवदारांत तो दूरच्या समुद्रासारखा वाजतो.

ह्या वनांचा इतिहास मात्र काव्याचा नव्हे. हर्सिलास आजहि लोक "हुलसन साहेब" म्हणून एका इंग्रजाचें नांव घेतात. त्याचें खरें नांव फ्रेडरिक विल्सन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा मनुष्य ह्या निर्जन दरींत आला. प्रथम कस्तुरीमृग व रंगीत पक्षी मारून त्यांचीं कातडीं विकूं लागला, मुखबा गांवच्या मुलीशीं त्यानें लग्न केलें, आणि १८५० च्या सुमारास टिहरीच्या राजाकडून देवदार तोडण्याचा पट्टा मिळविला. तोडलेले ओंडके तो गंगेंत सोडून देई. नदी ते फुकट मैदानांत पोंचवी. पुढें त्याची श्रीमंती इतकी वाढली कीं त्यानें स्वतःचीं नाणीं पाडलीं. ओंडके जात कोठें? तर रेल्वेच्या रुळांखालीं. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली हें आपल्याकडे शाळेंतल्या पोरासहि ठाऊक असतें; परंतु त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानभर रूळ पसरले, त्यांस दर मैलास सुमारें दोन हजार स्लीपर लागत, हें कोणी शिकवीत नाहीं. लांकूड टिकविण्याचीं औषधें तेव्हां सर्रास मिळत नव्हतीं, आणि पाणी व वाळवी ह्यांस दाद न देणारीं लांकडें येथें मुख्यतः तीनच : साग, साल आणि देवदार. उत्तरेकडच्या रुळांस देवदार लागला. तोड इतकी झाली कीं पुढें लांकूड मिळेल कीं नाहीं अशी काळजी इंग्रजासच पडली, आणि १८६४ सालीं ब्रँडिस नांवाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं सरकारी जंगलखातें निघालें. खातें झाडांच्या प्रेमानें निघालें नव्हतें. ओंडका पुढल्या वर्षींहि मिळावा म्हणून निघालें.

ह्याच विल्सननें हर्सिलांत सफरचंद आणलें, आणि आज त्या दरीचें पोट सफरचंदावर व राजम्यावर चालतें. माणसाच्या हातून झालेल्या नासधुसीचा व सुधारणेचा हिशेब एकाच वहींत कसा मांडावयाचा, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. देवदारांच्या वनांवर गेल्या कांहीं वर्षांत पुनः एक गंडांतर आलें आहे : यात्रेचा रस्ता रुंद करावयाचा आहे, आणि त्यासाठीं झाला ते भैरोंघाटी ह्या टप्प्यांत कित्येक हजार झाडें जावयाचीं आहेत असें तेथील लोक सांगतात. कांहीं ठिकाणीं त्यांनीं झाडांस राख्या बांधल्या. रस्ता अरुंद असल्यामुळें आमची मोटार दोन ठिकाणीं तासभर अडली, आणि मागच्या गाडींतले एक गृहस्थ रस्ता चौपदरी कां करीत नाहींत म्हणून चढ्या आवाजांत विचारीत होते. त्यांस गंगोत्रीहून त्याच दिवशीं परत उत्तरकाशीस यावयाचें होतें.

गंगोत्री हें गांव नव्हे. तो सहा महिन्यांचा बाजार आहे. गोरखा सेनापति अमरसिंग थापा ह्यानें बांधविलेलें पांढऱ्या दगडाचें लहान देऊळ, भोंवतीं हॉटेलें, धर्मशाळा, गंगाजलाचे प्लॅस्टिकचे डबे आणि मोबाइलवर स्वतःचेंच छायाचित्र घेणारी गर्दी. अक्षय्य तृतीयेस दार उघडतें, दिवाळींत बंद होतें, आणि देवीची मूर्ति हिंवाळ्यासाठीं पालखींतून मुखबा गांवीं जाते. सेमवाल पुजाऱ्यांचें तें गांव. १९८० च्या दशकांत जाडगंगेवरचा पूल होईपर्यंत मोटार येथवर पोंचत नव्हती. २०२३ सालीं नऊ लाखांहून अधिक यात्रेकरू आले. दहा हजार फुटांवरच्या ह्या चिंचोळ्या घळींत नऊ लाख माणसांचें जेवण, आंघोळ व बाकीचे सर्व विधि सहा महिन्यांत व्हावयाचे, म्हणजे काय होत असेल तें वाचकांनींच मनांत आणावें. देवळांत आम्हांस चांगलें दर्शन झालें, आणि तेथें मन भरून आलें हेंहि खरें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही वर निघालों. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर परवाना पाहतात. दिवसास दीडशेंच माणसें सोडण्याचा नियम आहे, आणि बरोबर नेलेल्या प्लॅस्टिकची गणती करून घेतात. हा नियम करणारास आमचे शतशः आशीर्वाद. वाटेवर एक वाटाड्या घेतला होता. पन्नाशीचा, मुखब्याकडचा, बोलका मनुष्य. तो आमच्या कुटुंबास "माताजी" म्हणे आणि आम्ही शिक्षक असें कळल्यापासून आम्हांस "मास्टरजी". पहिल्या नऊ किलोमीटरवर चीरबासा, म्हणजे चीडांचा वास. तेथें पाइनचीं झाडें खरोखरच आहेत. पुढें पांच किलोमीटरवर भोजबासा, म्हणजे भूर्जांचा वास. तेथें एक-दोन आश्रमवजा इमारती, सरकारी विश्रामगृह, दगड, वारा आणि थंडी आहे. भूर्जांचें वन नाहीं.

भूर्ज हा हिमालयांत झाडांच्या शेवटच्या रांगेंतला वृक्ष. त्याच्या वर नुसतें गवत, मग दगड, मग हिम. त्याची पांढरी साल पातळ पापुद्र्यांनीं आडवी सुटते, आणि कागद येण्यापूर्वीं काश्मीरापासून ह्या बाजूस विद्या त्यावरच लिहिली जात होती. कुमारसंभवांतल्या विद्याधरस्त्रियांस प्रेमपत्रें लिहावयास कवीनें हीच साल दिली आहे. आमच्या वाचकांपैकीं पुण्यास राहणाऱ्यांनीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पोथ्यांविषयीं ऐकलें असेलच. ब्यूलर ह्यांनीं १८७५ सालीं काश्मीरांत फिरून मुंबई सरकारासाठीं ज्या पोथ्या मिळविल्या त्या पुढें तेथें आल्या. तेथील ऋग्वेदाच्या ज्या तीस पोथ्यांस २००७ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मरणनोंदींत स्थान दिलें, त्यांत एक भूर्जपत्रावरची, शारदा लिपींतली आहे. कित्येक शतकें लोटलीं तरी ती साल अक्षरें धरून आहे. तेव्हां भोजबाशास पोंचल्यावर आमची नजर प्रथम झाडच शोधूं लागली.

वाटाड्यास विचारलें. तो हंसला. त्याचें बोलणें हिंदींत होतें; मराठींत देतों. "मास्टरजी, झाड गेलें चुलींत. माझा बाप येथें यात्रेकरूंस चहा करून देई. गॅसचा सिलिंडर तेव्हां कोण आणणार? थंडींत कुडकुडत माणूस आला, त्याला म्हणावें काय, कीं शेकोटी नको, झाड मरेल? साधूंची धुनी तीच, गिर्यारोहकांचा स्वयंपाक तोच. खेंचरें बांधलीं तर तीं कोंवळी फूट खात. आणि कोणी ताईत लिहावयास साल सोलून नेई."

आमच्या कुटुंबानें नुकताच गरम पाण्याचा पेला हातीं घेतला होता. त्या म्हणाल्या, "अहो, म्हणजे भाविकांनींच जाळलें म्हणा कीं."

"भाविकांनींच, माताजी," वाटाड्या म्हणाला. "चोर येथवर कशाला चढतो?"

हें झाड वाढावयास पिढ्या लागतात. त्या उंचीवर उन्हाळा तीन-चार महिन्यांचा. उत्तराखंडाच्या हर्षवंती बिष्ट ह्या बाईंनीं तें परत लावण्याचा उद्योग आरंभिला. १९८१ सालच्या नंदादेवीच्या मोहिमेंत शिखर गांठणाऱ्या स्त्रियांपैकीं त्या एक. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. १९९० च्या दशकांत त्यांनीं चीरबाशास भूर्जांची रोपवाटिका केली आणि भोजबाशास कुंपण घालून रोपें लावलीं. लावलेलीं झाडें आम्हांस वाटाड्यानें दाखविलीं. वाऱ्यानें तीं एका अंगास वांकलेलीं आहेत, आणि साल अजून तांबूस; पांढरी व्हावयास वेळ आहे. हिमालयावर चढून जाऊन नांव मिळविणाऱ्या बाईनें पुढलीं वर्षें रोपांस पाणी घालण्यांत घालविलीं, हें आम्हांस शिखरापेक्षां मोठें वाटलें.

भोजबाशाहून गोमुख चार किलोमीटर. वाट अशी नाहींच. दगडांच्या राशींतून खुणा पाहत चालावयाचें. समोर भागीरथीचीं तीन शिखरें, आणि उजवीकडे हळूहळू वर येणारें शिवलिंग. प्रथम पाहणारास हिमनदी ओळखूंहि येत नाहीं. पांढरेंशुभ्र बर्फ असेल अशी कल्पना करून जावें, तों सारें करडें, मातकट, दगडगोट्यांनीं झांकलेलें. केवळ जेथें ती तुटली आहे तेथें, त्या कड्याच्या जखमेंत, निळसर हिरवें बर्फ दिसतें, आणि खालच्या गुहेंतून गढूळ, दुधाळ पाणी गर्जत बाहेर पडतें. कडा कोसळतो म्हणून अगदीं तोंडाशीं जाऊं देत नाहींत. आम्हीं दुरूनच हात जोडले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर श्वास पुरत नसतांना संकल्प लांबलचक म्हणवत नाहीं. "मम" एवढेंच म्हणून झालें.

ही हिमनदी सुमारें तीस किलोमीटर लांब आहे, आणि ती मागें सरते आहे. १९३५ सालीं भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें तिच्या तोंडाचा पक्का नकाशा केला. प्रसिद्ध कवि ऑडन ह्याचा तो भाऊ. त्या खुणेपासून १९९६ पर्यंत गोमुख सुमारें साडेअकराशें मीटर मागें गेल्याचें आढळलें, म्हणजे वर्षास सरासरी एकोणीस मीटर. शाळेच्या दोन वर्गखोल्या ओळीनें ठेवल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी दरवर्षीं. पूर्वीं रक्तवर्ण आणि चतुरंगी ह्या दोन हिमनद्या हिला येऊन मिळत. आतां त्या मध्येंच थांबल्या आहेत, आणि त्यांचें केवळ पाणी येतें. वाटाड्यानें मागें वळून, आम्ही ओलांडून आलेल्या दगडांकडे बोट केलें आणि म्हटलें, "मी लहानपणीं आलों तेव्हां बर्फ तेथें होतें." मधलें अंतर चालावयास आम्हांस बराच वेळ लागला होता.

आतां ह्यांत मनुष्याचा हात किती, हें नीट तपासलें पाहिजे, कारण ह्या विषयावर आरडाओरड फार आणि हिशेब थोडा अशी स्थिति आहे. हिमनदी म्हणजे पेढीवरचें खातें. वर उंचावर हिम पडतें ती जमा, खालीं तोंडाशीं वितळतें तो खर्च. जमेपेक्षां खर्च अधिक झाला कीं तोंड मागें सरतें. परंतु वर झालेली तूट खालीं दिसावयास दशकें लागतात, म्हणून आज जें मागें सरणें दिसतें त्याचें कारण कालचें नव्हे. शिवाय गंगोत्रीची हिमनदी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मागें सरत आहे असें अभ्यासक सांगतात. तेव्हां जगांत कोळशाचीं धुराडीं नुकतीं कोठें सुरू झालीं होतीं. त्यापूर्वीं कांहीं शतकें पृथ्वी जराशी थंड होती, त्या थंडीचा शेवट हें आरंभींचें कारण. १९७० नंतर वेग वाढल्याचें दिसलें. पुढें कांहीं वर्षीं तो मंदावलाहि. एका हिमनदीचा एका वर्षाचा आंकडा घेऊन भांडूं नये, हेंच बरें.

परंतु सगळा हिमालय एकत्र घेतला तर संशय उरत नाहीं. काठमांडूच्या पर्वतीय संशोधनसंस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलें कीं, हिंदुकुश-हिमालयांतील हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० ह्या दशकांत आधींच्या दशकापेक्षां ६५ टक्क्यांनीं अधिक वेगानें झाला. कारण हवेंत आहे. कोळसा व तेल जळून होणारा कार्बन डायऑक्साइड वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें २८० भाग होता. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ सालीं मोजणी सुरू झाली तेव्हां ३१५ च्या आसपास. २०२४ सालीं ४२० च्या वर. तें २०२४ साल मोजणी सुरू झाल्यापासूनचें सर्वांत उष्ण वर्ष ठरलें, यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारें दीड अंशानें अधिक.

येथें एक गंमत नमूद करतों. देवीभागवतांत आणि ब्रह्मवैवर्तपुराणांत असें आहे कीं, कलियुगाचीं पांच हजार वर्षें भरलीं म्हणजे गंगा ही पृथ्वी सोडून जाईल. कलियुग इसवी सनापूर्वीं ३१०२ मध्यें लागलें असें आपलें पंचांग मानतें. तेव्हां ही मुदत १८९९ च्या सुमारास भरली. गंगा अर्थात् गेली नाहीं. परंतु १८९६ सालीं, म्हणजे मुदत भरावयास तीन वर्षें असतां, स्वीडनच्या अर्‍हेनियस नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें, हवेंतील हा वायु दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल ह्याचें गणित हातानें करून छापलें. पुराणाचा आणि त्याचा कांहींएक संबंध नाहीं. पण संस्कृत शिकलेल्या मनास असे आंकडे शेजारीं शेजारीं दिसले कीं तें जरा थबकतें.

दुसरें कारण काजळीचें. काळी छत्री उन्हांत पांढऱ्या छत्रीपेक्षां लवकर तापते, हें सर्वांस माहीत आहे; बर्फावर काजळीची पुटें बसलीं कीं तेंच होतें. डेहराडूनच्या वाडिया संस्थेनें २०१६ सालीं चीरबाशास यंत्र ठेवून हवेंतली काजळी मोजली, तेव्हां ती पावसाळ्यांत जवळ जवळ शून्य आणि मे महिन्यांत सर्वांत अधिक आढळली. खालच्या जंगलांतले वणवे आणि दूरच्या शेतांत जाळलेलें पिकांचें खुंटरण, दोहोंचा धूर वर चढतो. वायूचा मोठा वांटा प्रथमपासून युरोप-अमेरिकेचा, हें खरें, आणि तें ठणकावून सांगितलें पाहिजे. पण काजळी बरीचशी आपली घरचीच आहे, आणि ती पावसाळा लागला कीं धुतली जाते. म्हणजे ती न केली तर फळ ताबडतोब दिसेल.

गंगा उद्यां आटेल असें जे म्हणतात त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. काशीस आणि पाटण्यास वाहणारें पाणी मुख्यतः पावसाचें व उपनद्यांचें. हिमाचें पाणी उगमाजवळ पुष्कळ आणि खालीं जावें तसतसें थोडें. खरी भीति वरच्या लोकांस आहे, आणि ती पाणी कमी होण्याची नव्हे, तर एकदम येण्याची. हिमनदी मागें सरली कीं ती शतकानुशतकें दाबून ठेवलेले दगड, माती व वाळू ह्यांचे डोंगर उघडे टाकून जाते, आणि त्यांच्या मागें पाणी सांचतें. २०१३ च्या जून महिन्यांत केदारनाथाच्या वर चोराबारीचें असेंच तळें फुटलें. आपल्याकडच्या किती घरांनीं तेव्हां माणसें गमावलीं हें सांगावयास नको.

परत येतांना आम्ही धराली येथें थांबलों. हर्सिल आणि गंगोत्री ह्यांच्या दरम्यान, खीर गाड नांवाचा ओढा जेथें भागीरथीस मिळतो तेथें त्यानें आणलेल्या गाळाच्या पंख्यावर हें गांव वसलेलें. रस्त्याच्या दोहों बाजूंस तीन-तीन, चार-चार मजल्यांचीं हॉटेलें, मागें सफरचंदांच्या बागा. मोहर नुकता गळून सुपारीएवढीं फळें धरलीं होतीं. ज्या लहान खानावळींत आम्ही जेवलों तिच्या मालकानें आग्रहानें कल्पकेदाराचें देऊळ दाखविलें. जुनें पाषाणाचें, पण शिखरच तेवढें नीट वर. गाभाऱ्यांत खालीं उतरून जावें लागे. १९४५ सालीं तें खणून काढलें असें त्यानें सांगितलें. आम्हीं विचारलें, "तें गाडलें कशानें?" तो म्हणाला, "ओढ्यानें. पूर्वीं केव्हां तरी." आणि त्यानें आमच्या कुटुंबास पांच किलो राजमा बांधून दिला व पुडक्यावर आपला फोन नंबर लिहिला, म्हणजे पुढें पोस्टानें मागवितां येईल.

५ ऑगस्ट २०२५ रोजीं दुपारीं खीर गाड खालीं आला. पलीकडच्या डोंगरावरून कोणी घेतलेलें चित्र आपण सर्वांनीं पाहिलें असेल. अर्ध्या मिनिटांत तो बाजार नाहींसा झाला. प्रथम ढगफुटी म्हणाले. परंतु हवामानखात्याच्या नोंदींत तेवढा पाऊस नव्हता. वर हिमनदीनें सोडलेला दगडमातीचा ढिगारा पाण्यानें भिजून सुटला असावा, असें पुष्कळ जाणत्यांचें म्हणणें आहे. महाराष्ट्रांतील कित्येक यात्रेकरू वर अडकले होते, त्यांस हेलिकॉप्टरानें आणावें लागलें. कल्पकेदाराचें देऊळ पुनः गाडलें गेलें.

राजम्याच्या पुडक्यावरचा नंबर आम्हीं त्या रात्रीं फिरविला, दुसऱ्या दिवशीं फिरविला, पुढला आठवडाभर फिरविला. लागेना. सप्टेंबराच्या अखेरीस एका संध्याकाळीं लागला. मालक, त्यांची पत्नी व मुलें सुखरूप होतीं. त्या दिवशीं गांवच्या पूजेसाठीं तीं वरच्या अंगास गेलीं होतीं. खानावळ गेली, घर गेलें, चुलतभाऊ सांपडला नाहीं. आमच्या कुटुंबानें फोन घेऊन विचारलें कीं, भाऊ, आतां घर कोठें बांधणार? ते म्हणाले, "माताजी, जमीन आमची तेवढीच आहे. वर डोंगर, खालीं गंगा." मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आम्हींच बागेविषयीं विचारलें. बाग वरच्या अंगास होती, ती वांचली आहे, असें ते म्हणाले. फळहि यंदा चांगलें लागलें होतें. परंतु रस्ता तुटल्यामुळें ट्रक वर आले नाहींत, आणि सफरचंदें झाडावरच राहिलीं.